दोरीने कोरलेली फळी

करावे गावात जमुनाच्या घरी चार वर्षं एक फळी उभी होती. वॉशिंग मशीनच्या मागे, भिंतीला टेकून. तीन हात लांब, दीड वीत रुंद, चांगली जाडजूड, आणि रंग म्हणाल तर कुठे हिरवा, कुठे निळा, कुठे नुसतं लाकूड. पाहुण्याला वाटावं, कपाटाचं काम अर्धवट राहिलंय. पण ती तुळशीरामच्या होडीची, उजव्या काठाची फळी होती.

तुळशीराम, म्हणजे जमुनाचा नवरा, गेला तेव्हा होडीही थकलेलीच होती. वर्षभर खाडीकाठी पालथी पडून राहिली. मग माणसं लावून ती फोडली, तेव्हा जमुना एवढंच म्हणाली, "सगळं न्या, ही येक फळी मना ठेवा."

त्या फळीवर नाव नव्हतं, देव नव्हता, नक्षी नव्हती. होते ते नुसते चर. तुळशीराम एकाच जागी उभा राहून तीस वर्षं जाळं ओढत होता, आणि जाळ्याची ओली दोरी त्या काठावरून घासत होडीत येत होती. दोरीचं काय, ती आपली रोज थोडं थोडं लाकूड खात गेली. तिरपे, एकापाशी एक असे चर पडले. काहींत बोट बसेल एवढे खोल.

मुलगा सूरज ऐरोलीला कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. तो घरी आला की मशीनपाशी ठेचकाळायचा आणि म्हणायचा, "आई, ह्या लाकडाचं कायतरी कर. वाळवी लागली ना, सगळं घर खाईल."

"तुझ्या बापाला तीस वर्षांत नाय लागली, आता काय लागते," जमुना म्हणायची. आणि फळी तिथेच राहायची.

जमुना मासे विकते. गाव संपून सीवूड्सच्या इमारती सुरू होतात तिथल्या कोपऱ्यावर तिची पाटी असते. दोन वर्षांमागे त्या कोपऱ्यासमोर तळमजल्यावर एक मोठी खोली उघडली. आत हाताने चित्रं छापायची. लाकडावर किंवा पत्र्यावर आधी चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची, वर कागद ठेवून दाबायचा, आणि तो सोलून काढला की चित्र कागदावर. कुणीही यावं, शिकावं, छापावं. दर दोन महिन्यांनी तिथल्याच भिंतींवर प्रदर्शन. सुचिता नावाची चाळिशीतली बाई ते चालवते. बोटांना कायम काळं, पण स्वभावाने उजळ.

जमुना पहिल्यांदा आत गेली ती पिण्याचं पाणी मागायला. बघते तर खोलीभर दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर ओले कागद चिमटे लावून टांगलेले.

"बोंबील घातलेत जनू वाळत," ती म्हणाली. "फक्त तुमच्यांना वास नाय."

सुचिता हसली, तिने पाण्याबरोबर चहाही दिला, आणि तेव्हापासून जमुनाची पाटी रिकामी झाली की तिची पावलं आपोआप तिकडे वळू लागली. तिथल्या रखवालदाराशी, हौसेरावांशी, तिची लगेच जुंपली. हौसेराव साताऱ्याकडचे. मासे खात नाहीत, आणि हे ते रोज सांगतात.

एका भिंतीशी मांडणीवर जुने ठोकळे आणि पत्रे रचून ठेवलेले असत. प्रत्येक ठोकळ्यावर आडवी, खोल, वेडीवाकडी रेघ. एका तांब्याच्या पत्र्याला तर कोपऱ्यात चक्क भोक पाडलेलं.

"एवढं बारीक काम करून वर ओरखडा कोनी मारला?" जमुनाने विचारलं.

"ज्याने काम केलं त्यानेच," सुचिता म्हणाली. "मावशी, एका ठोकळ्यावरून आपण दहा, बारा, ठरतील तेवढीच चित्रं छापतो. प्रदर्शन संपायच्या दिवशी सगळ्यांसमोर ठोकळा मोडतो. म्हणजे ज्याने चित्र घेतलं त्याला शब्द मिळतो, की आता आणखी निघणार नाहीत."

जमुनाने मान हलवली. बँकेत साहेब फॉर्म समजावतो तेव्हा हलवतो तशी. ऐकलं, पटलं, आणि आपला त्याच्याशी काही संबंध नाही असं समजून सोडून दिलं.

मग एक दिवस तिच्या डोक्यात आलं, की तुळशीरामची फळीही कोरलेलीच आहे की.

फळी तिने स्वतः डोक्यावर आणली. पण त्याआधी केलं काय, तर होडी पाण्यात घालण्याआधी चोळतात तसं तिला रात्रभर माशाचं तेल पाजलं. चार लोकांत जायचंय, अंगावर तेज नको? खोलीत वास असा पसरला की चित्रकलेची दोन पोरं खिडकीबाहेर डोकं काढून बसली. हौसेराव नाकाला उपरणं लावून म्हणाले, "जमुनाबाई, ह्ये चित्तर हाय का कालवण?"

"तुमाला वाढनार नाय, घाबरू नका," जमुना म्हणाली.

शाई काही त्या तेलावर ठरेना. थेंब थेंब होऊन पळे. शेवटी फळी गच्चीवर नेली, पंधरा दिवस उन्हात ठेवली, आणि रोज जाऊन तिची बाजू पालटायचं काम हौसेरावांनी केलं. बडबडत केलं, पण केलं.

छापायचा दिवस आला. फळी जाड आणि वाकडी, कागद दाबायच्या यंत्रात जाईना. "हाताने घासून काढू," सुचिता म्हणाली. शाईचा रूळ फिरवला, वर पातळ कागद अंथरला. जमुनाने पिशवीतून घरची पितळी पळी काढली आणि तिच्या पाठीने कागद घासायला सुरुवात केली. लहान बाळाच्या पाठीला तेल चोळावं तशी. कुठे जोर लावायचा, कुठे नुसतं फिरवायचं, हे तिला कुणी सांगायला लागलं नाही. त्या लाकडाचा उंचवटा न् उंचवटा तिला ठाऊक होता.

कागद सोलून काढला. लाकडाच्या रेषा काळ्या उमटल्या होत्या, आणि जिथे दोरीचे चर तिथे शाई पोचलीच नाही, तिथे पांढऱ्या वाटा. ओहोटीनंतर खाडीच्या चिखलात पाण्याच्या वाटा राहतात ना, तशा.

जमुनाने कागद पाहिला, फळी पाहिली. मग म्हणाली, "उलटं आलंय."

"छापलं की उलटंच येतं मावशी. उजवं ते डावीकडे."

होडीत जमुना मागे वल्ह्यावर बसायची आणि तुळशीराम पुढे. गडी मिळाला नाही की तीच त्याचा गडी. एवढ्या वर्षांत तिने होडीतला तुळशीराम पाहिला तो पाठीकडून. माणूस आपल्याकडे तोंड करून उभा राहिला तर त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, हे तिने मनातल्या मनात लावून पाहिलं. दोनदा लावून पाहिलं. मग पदराने नाक पुसलं, आणि गालाला काळं लागलं ते दिवसभर तसंच राहिलं.

बारा कागद निघाले. प्रत्येकाखाली पेन्सिलीने सही करायची होती. जमुनाची शाळा दुसरीपर्यंत. बारा वेळा नाव लिहायला तिला अख्खी दुपार लागली, आणि बारावं नाव पहिल्याहून चांगलं आलं. भिंतीवर लावायच्या चिठ्ठीसाठी सुचिताने विचारलं, "चित्राचं नाव काय ठेवायचं?"

"फळी हाय. फळीच लिव."

"आणि कोरलं कुणी?"

"दोरीनं." मग म्हणाली, "दोरी ज्याच्या हातात होती त्याचंपन लिव."

मग चिठ्ठीवर आलं: फळी. कोरली तुळशीरामने, दोरीने. छापली जमुनाने.

प्रदर्शन पंधरा दिवस चाललं. अर्धं करावे गाव येऊन गेलं. म्हातारे कोळी कागदापुढे उभे राहून कुठला चर भरतीचा आणि कुठला उधाणाचा यावर वाद घालत. नेरुळच्या एका बाईंनी पहिला कागद घेतला. त्यांचे वडील बंदरावर होते म्हणाल्या. अकरा कागद गेले. बारावा जमुनाने घरासाठी ठेवला.

आणि शेवटचा दिवस दोन दिवसांवर आला तेव्हा सुचिताने यादी वाचली. मोडायचे ठोकळे सात. सातवी, फळी.

जमुनाच्या हातातला चहा हातातच राहिला. मान हलवली होती ती आठवली.

घरी सांगितलं तर सूरज ताडकन उठला. चार वर्षं ज्या फळीला शिव्या घातल्या तिच्यासाठी. "बाबांच्या फळीवर सुरी चालवनार? त्यांना बोल, आमी नाय देत. घरातली वस्तू हाय ती."

"मी शब्द दिलाय."

"तुला कुठे कळलं होतं?"

"कळलं नव्हतं हा माजा दोष. त्या नेरुळच्या बाईचा काय?"

सून अमिता मशीनमागची मोकळी जागा बघत होती. तिथली फरशी इतर फरशीहून पांढरी राहिली होती. 

दुसऱ्या दिवशी जमुनाने पाटी लावली, पण पापलेटाचे तुकडे करताना तीनदा चुकली. दुपारी सुचिताच तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मावशी, मला झोप नाही. आपण असं करू, मागच्या बाजूला रेघ मारू. समोरून मोडल्यासारखं दाखवू. कुणाला कळणार नाही."

जमुनाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू शिळी मासळी ताजी म्हणून विकायला सांगितली असावी.

"सुचिता, मी चाळीस वर्षं ह्या कोपऱ्यावर बसते. गिऱ्हाईक मासळीचा कल्ला उचलून बघतं तवा मना राग येत नाय. का, तर मी खाली कायच लपवत नाय."

"मग मारायची रेघ?"

 जमुना भिंतीशी गेली. जुने ठोकळे एकेक हाताने चाचपत राहिली, आणि त्या तांब्याच्या पत्र्यापाशी थांबली. कोपऱ्यातल्या भोकात करंगळी घालून बघितली.

"ह्याला रेघ नाय. नुसतं भोक."

"भोकही चालतं. पुन्हा छापलं तर तिथे पांढरं गोल दिसतं, लगेच कळतं."

"चार चालतील?"

"चार कशाला? एक पुरे."

"मना चार पायजेत," जमुना म्हणाली. बाकी तिने काही फोडलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी सगळे जमले. नेरुळच्या बाईही होत्या. सहा ठोकळ्यांवर सहा रेघा पडल्या. जमुनाने फळी टेबलावर ठेवली. दोन्ही टोकांना वीत मोजली, खडूने चार खुणा केल्या. चर सगळे मधे राहतील अशा. सूरज दाराशी हाताची घडी घालून उभा होता, तोंड खाडीच्या दिशेला. सुचिताने छिद्रं पाडायचं मशीन आणलं. ते हौसेरावांनी हातात घेतलं आणि विचारलं, "दाबू का? का अजून इचार करताय?"

"तुमी दाबा. हात हलवू नका म्हंजे झालं. मासे न खाल्ल्यानं हात थरथरतात."

मशीन चारदा घरघरलं. टेबलावर भुशाच्या चार ढिगल्या पडल्या आणि खोलीत बारीकसा, जुना, माशाच्या तेलाचा वास सुटला. मग रिवाजाप्रमाणे मोडलेल्या फळीचा एक कागद काढला. तेच काळं, त्याच पांढऱ्या वाटा, आणि चार कोपऱ्यांना चार पांढरे चंद्र. तो साक्षीला म्हणून तिथेच भिंतीवर राहिला. नेरुळच्या बाई फळीवरून हात फिरवून म्हणाल्या, "तुम्हाला जड गेलं असेल."

"जड हाय खरी," जमुना म्हणाली, "म्हनून तर पोराला बोलावलाय उचलायला."

सूरज पुढे झाला आणि त्याने फळी खांद्यावर घेतली.

घरी आल्यावर जमुनाने छताकडे बोट केलं. नात भाविका पाळण्यात होती तेव्हाच्या दोन कड्या स्लॅबला तशाच होत्या. भाविका आता तिसरीत आहे. सूरजने कड्यांकडे पाहिलं, फळीच्या चार भोकांकडे पाहिलं, आणि स्टूल घेऊन माळ्यावर डोकं घातलं. खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात दोरीचं वेटोळं होतं. निळी, कडक, मिठाने पांढुरकी झालेली. बापाच्या जाळ्याची.

"ही तू टाकली नव्हतीस?" जमुनाने विचारलं.

"माळ्यावर कोन ठेचकाळतं?" तो म्हणाला.

गाठी त्यानेच मारल्या. मारल्यावर जमुनाने त्या सोडायला लावल्या आणि पुन्हा मारायला शिकवल्या, कारण कॉम्प्युटरवाल्याच्या गाठीवर ती नातीला बसू देणार नव्हती.

आता त्या घरात फळी उभी नसते, टांगलेली असते. सकाळी अमिता तिच्यावर भाजी निवडते. दुपारी भाविका पोटावर पडून अभ्यास करते आणि चरांतून पेन्सिल फिरवत बसते. समोरच्या भिंतीवर बारावा कागद आहे, फ्रेम करून.

परवा सूरज ऐरोलीहून दमून आला आणि पाठीवरची बॅग न काढता तसाच फळीवर बसला. जमुना आत बांगडे धूत होती. कड्यांचा आवाज ऐकून तिने बाहेर पाहिलं.

"बूट काढ," ती म्हणाली. "तुज्या बापाच्या होडीत बूट घालून कोनी चढलं नव्हतं."

सूरजने बूट काढले, नीट दाराशी ठेवले, आणि परत येऊन बसला. ह्या खेपेला उजव्या बाजूला, होडीत बाप उभा राहायचा त्या.