भोंगा थांबला तेव्हा

डोंगरमाथ्यावरच्या जंगलात एक तळं आहे. तिथे तंबू ठोकून राहायला येणाऱ्यांना माझी ताई नावा भाड्याने देते. लोक तिला मागून ‘हवालदारीण’ म्हणतात, आणि खोटं नाही म्हणत. नावेत चढण्याआधी बूट काढून शेडमधल्या फळीवर ठेवायचे, हा तिचा कायदा. पाण्यात पडलं तर बूट माणसाला खाली ओढतात. शिवाय फळी रिकामी झाली म्हणजे तळं रिकामं झालं, हे तिला बसल्या जागी कळतं.

त्या दुपारी धुकं असं उतरलं की धक्क्याचं टोकही दिसेना. ताई भोंग्याचा दांडा हाताने फिरवून तो वाजवत राहिली. त्या आवाजाच्या रोखाने एकेक नाव परत आली. फळीवरचे शेवटचे बूट गेले तसा तिने भोंगा थांबवला.

मी दाजींना चहाला बोलवायला तंबू ठेवायच्या खोलीत गेलो. खोलीत कुणी नव्हतं, आणि मागे बांधलेली घरची नावही नव्हती. पलीकडच्या काठावरचे रिकामे तंबू आणायला ते गेले होते, नेहमीसारखे बूट घालूनच. “मी काय गिऱ्हाईक आहे?” म्हणत त्यांनी हा कायदा कधी पाळला नाही, आणि नवऱ्यापुढे हवालदारणीनेही कधी ताणून धरलं नाही.

मी सांगितलं तशी ताई पांढरीफटक पडली. सकाळीच दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. दाजींना इथली थंडी सोसवेना. खाली लेकीकडे राहायला जाऊ म्हणत होते. “जा की मग, कुणी धरून ठेवलंय?” असं ताई बोलून बसली होती. तेव्हापासून अबोला.

ती जिवाच्या आकांताने भोंगा फिरवू लागली. फिरवायची, थांबायची, कान द्यायची. उत्तर नाही. मी दुसरी नाव सोडायला वाकलो, तर तिने मागून कॉलर धरली.

“एक गेलाय तेवढा पुरे. गप उभा राहा इथे!”

उभा राहिलो. तिचा राग आला होता.

बऱ्याच वेळाने वल्ह्याचा आवाज आला, भलत्याच बाजूने. दाजी गारठून गेले होते. मी हात देऊन वर ओढलं. ताईने लगेच तोंड सोडलं, “अक्कल गहाण टाकलीये का? सांगून जाता येत नाही?”



“भोंग्याच्या रोखानेच येत होतो,” दाजी म्हणाले. “मध्येच थांबला. म्हटलं, सकाळचं तू खरंच बोलली होतीस. मग मीही वल्ही खाली ठेवली.”

ताई मटकन खाली बसली.