पाटनच्या बाजारातला होकार

आता काय सांगू तुम्हाला! भाव पाडण्यात माझा हात धरणारा जबलपूरच्या अख्ख्या कांचघर मोहल्ल्यात कोणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. त्याच तोंडानं पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडायची पाळी आणली, बाप्पा!

आमच्या रश्मीनं मुलगा स्वतःच पसंत केलेला, नागपूरचा. फक्त त्याच्या आईचा होकार बाकी होता, म्हणून त्या जबलपूरला आल्या. मी म्हटलं, चलो, विहीणबाईंना जवळच्या पाटन गावचा आठवडी बाजार दाखवू. आपली हुशारीही दिसेल!

बाजारात माझा एकच नियम. जे आवडलं, त्याला नावं ठेवायची. तोंड वाकडं केलं की भाव खाली येतो. मटाराला म्हटलं किडका, गुळाला म्हटलं काळा. विहीणबाई गुपचूप पाहून राहिल्या होत्या. मला वाटलं, खूश होऊन राहिल्या!

मग टोपल्यावालीपाशी थांबलो. तिच्या मालावर रंगीत चिंध्यांची एक पिशवी पडलेली. इतकी सुरेख, की विचारू नका. झालो सुरू!

"ये क्या है दीदी? एक टाँका सीधा नहीं! रंग तो देखो!"

"भैया, ये हमारी नहीं है."

घ्या! मला वाटलं, ही तर माझ्याहून पोचलेली. "अपनी बोलने में शरम आ रही है ना? फुकट में भी कोई न ले!"

बायको मागून शर्ट ओढून राहिली. मी म्हटलं, "काहून मधे पडतेस? आता भाव उतरते, पाह्य तू!"

विहीणबाईंनी वाकून पिशवी उचलली. "भाऊ, माझी आहे. टोपली पाहायची म्हणून खाली ठेवली. रश्मीसाठी महिनाभर बसून शिवली. रिकामी कशी द्यायची, म्हणून इथं भरायला आणली."

माझी बोबडीच वळली! "अहो ताई, आवडली म्हणून तर नावं ठेवली! आवडलं की मी नावंच ठेवतो!"

"अच्छा," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. पिशवी घेऊन त्या परत गूळ-मटाराच्या दुकानांकडे वळल्या. बायको काय नजरेनं पाहत होती, ते राहू द्या.

घरी रश्मीनं चहा दिला. मी जीव मुठीत धरून विचारलं, "मग ताई, काय ठरवलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू? पोरगी काही खास नाही. बोलते जास्त. चहाही पांचट. अशी सून मी फुकटातही नेणार नाही!"

रश्मीचा चेहरा पडला. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. माझ्यामुळे, फक्त माझ्यामुळे!

तेवढ्यात बाईंनी ती पिशवी रश्मीच्या मांडीवर ठेवली. गूळ, मटार, सगळं भरलेलं. "अगं वेडे, तुझ्या बाबांच्या रीतीनं बोलले मी!"

मग काय, सगळे हसत सुटले. मलाही जोर आला. "वाचलो बाप्पा! म्हणजे माझ्यावर राग नाही ना?"

"छे हो, भाऊ!" विहीणबाई गोड हसल्या. "तुम्ही तर फार चांगले. किती हुशार, किती समजदार! तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही!"