वरच्या मजल्यावरचे आम्ही

मी जयपूर सोडलं त्या दुपारी माझ्या कपाळाला टिळा लावला तो आमच्या घरमालकिणीने. दिल्लीच्या विमानतळाकडे जाणारी टॅक्सी बनी पार्कातल्या घराच्या फाटकाशी उभी होती, आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या भाभीजी वाटीत दही-साखर घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला दही चाटवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बेटा, विलायत जाकर अपना धरम मत छोड़ना." माझी माय तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. भाभीजी वाटी ठेवायला आत वळल्या तशी ती पुढे आली, माझ्या खांद्यावरचा पट्टा उगाच सरळ केला आणि हळूच म्हणाली, "तिथं कोणी इचारलं त जे हाये ते सांगजो. इथल्यासारखं करू नको."

इथल्यासारखं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आम्ही अकोल्याकडचे बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा बाबा तरुण होते. त्याआधी गावच्या विहिरीपासून आपल्या लोकांना किती लांब उभं राहावं लागे, हे त्यांनी आम्हा भावंडांना फार थोड्या शब्दांत सांगितलं होतं. ते रेल्वेत लागले आणि बदल्या होत होत जयपूरला आले. तेव्हा अकोल्याहून जयपूरला छोट्या लाइनीची थेट गाडी होती. आमच्या लेखी ती गाडी म्हणजेच महाराष्ट्र. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो तोवर आजूबाजूला दोन-चार आपली घरं होती, काही लपवायचं कारण नव्हतं. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं आणि बनी पार्कात भाभीजींच्या घरी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गच्ची मिळाली.

भाभीजींच्या ओळखीचं मराठी कुटुंब तोवर एकच होतं. सिविल लाइंसमधल्या सरकारी बंगल्यात राहून गेलेले एक अधिकारी. त्यांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' होतं आणि ते ब्राह्मण होते. आमच्याही आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. त्यात बाबांचा चष्मा, ट्रंकेतली पुस्तकं, मायचं नीटनेटकं नेसणं. भाभीजींनी मनाशी ठरवून टाकलं. आमच्यातलं कोणी खोटं बोललं नाही. कोणी काही बोललंच नाही.

पहिल्याच वर्षी पितृपक्षात त्या ताट घेऊन वर आल्या. सासूचं श्राद्ध होतं, ब्राह्मणी जेवू घालायची होती. खीर, पुऱ्या, भोपळ्याची भाजी. त्यांनी मायला पाटावर बसवलं, जेवण होईपर्यंत समोर बसून राहिल्या, मग तिच्या ओटीत ब्लाउजपीस घातलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. त्या खाली गेल्यावर मायने दार लावून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. मलाही हसू आवरेना. मग तिचं हसणं थांबलं आणि ती आपल्या पायांकडे पाहत बसली. संध्याकाळी बाबांना म्हणाली, "आता कसं सांगाचं?" बाबा म्हणाले, "आता नाही सांगता येत. घर जाईन हातचं."

मग दर पितृपक्षात ताट वर येत राहिलं. बुद्धाची तसबीर आमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून लावलेली होती. सकाळी दार उघडायचं, हळू आवाजात वंदना म्हणायची, दार बंद करायचं. पुढे बाबा वारले ते गावी, भावकीत गेलेले असताना. तिथं सगळं आपल्या रीतीने झालं आणि जयपूरला प्रश्न आला नाही.

मी लीड्सला एका ग्रंथालयात काम करते. तिथं भाड्याचं पहिलं घर घेतलं तेव्हा आधी तसबीर बाहेरच्या खोलीत लावली. कोणाला काहीच वाटलं नाही. बागेचं सामान विकणाऱ्या दुकानात बुद्धाची दगडी मस्तकं कुंड्यांच्या शेजारी मांडलेली असतात. शेजारीण चहाला आली, तसबिरीकडे पाहून, किती शांत वाटतं अशा सुरात म्हणाली, "व्हेरी कामिंग." मी फोनकार्ड खरवडून मायला कळवलं, तसबीर बाहेर लावली म्हणून. ती म्हणाली, "छान केलं." आपण फार धीट झालो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब गेले त्यांना हे वाटणं ओळखीचं असेल.

मिलिंदचा फोन आला तो हिवाळा संपता संपता. मिलिंद माझा धाकटा भाऊ, मायजवळ राहणारा. मायच्या पोटातला कॅन्सर पसरला होता आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. "ये," एवढंच तो म्हणाला. बॅग भरताना पांढरी साडी घ्यावी की नाही, यावर मी अडले. आपल्यात शेवटच्या दिवशी पांढरं नेसतात. घेतली, मग लाज वाटून काढून ठेवली. दाराशी टॅक्सी आल्यावर पुन्हा घेतली. विमानात, मग दिल्लीहून जयपूरच्या बसमध्ये, ती साडी बॅगेत आहे हे मला सारखं आठवत होतं, एखादी चोरी केल्यासारखं.

मायची खाट गच्चीवर उन्हात टाकलेली होती. वर तारांत संक्रांतीचे फाटके पतंग अजून लोंबत होते. ती एवढीशी झाली होती, डोळे मात्र तेच. "जेवली का?" तिने विचारलं. मग, "किती दिस हाये?"

"पंधरा दिवस," मी म्हटलं.

"पुरतीन," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी एका जागी बसू शकत नव्हते. खोली, गच्ची, जिना, रस्ता, पुन्हा खोली. वहिनी, म्हणजे मिलिंदची बायको, स्वयंपाक करायची, मी भांडं हातात घ्यायची आणि ते कशासाठी घेतलं ते विसरायची. भाभीजी रोज दुपारी पातळ मूगडाळीचा डबा घेऊन वर यायच्या. गुडघे दुखतात म्हणून प्रत्येक पायरीवर "हे राम" म्हणत. त्या आल्या की वहिनी न सांगता कपाटाचं दार लोटायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी मायने मिलिंदला आणि मला खाटेजवळ बोलावलं. म्हणाली, "माह्यासाठी पंडित नाही पायजे. वानखडेभाऊंना बोलवा. वंदना मोठ्यानं म्हणा. फाटकातून न्या, मागल्या गल्लीतून नाही." वानखडेकाका म्हणजे बाबांबरोबरचे निवृत्त गार्ड, रेल्वे कॉलनीतले. बुद्धपौर्णिमेला आम्ही त्यांच्याकडे जमायचो.

मिलिंदने तिचं पांघरूण सारखं केलं. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर मला म्हणाला, "भाभीजींनी त्यांच्या पंडितजीला बोलून ठेवलं हाये. मले म्हणाल्या, तू चिंता मत कर."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? हो नाही म्हटलं, नाही पण नाही म्हटलं."

"मिलिंद, कोणत्या जमान्यात आहोत आपण? सांगून टाक ना. कसली भीती?"

मिलिंद जयपूरजवळच्या चौमू गावात एका बँकेत कारकून आहे. सकाळी बसने जातो, दिवेलागणीला येतो. मुलगी इथल्या शाळेत. "तुले कसली भीती?" तो म्हणाला. "तू पंधरा दिवसांनी जाशीन. या जिन्यावरून रोज मीच उतरणार हाये. मतलब, रोज."

मी खाली रस्त्यावर गेले आणि स्टेशनच्या बाजूला बरंच चालत राहिले.

दोन दिवसांनी, मिलिंद कामावर असताना, भाभीजी डबा घेऊन आल्या. मायने मला ट्रंक उघडायला लावली. तळाशी जुन्या चादरीत बांधलेली सगळी ब्लाउजपीस होती, एकही न शिवलेलं. लाल, हिरवी, मोरपंखी, काहींच्या घड्या पिवळ्या पडलेल्या. ती खाटेवर पसरायला सांगून माय तिच्या वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत म्हणाली, "भाभीजी, ये आपके हैं. हम लोग बामन नहीं हैं. हम बौद्ध हैं. उसके पहले जो थे, वो आपके घर के अंदर नहीं आ सकते थे."

भाभीजींना आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तापात बरळते आहे असं मी सांगेन. मी मान हलवली. त्यांनी एका हिरव्या तुकड्याकडे बोट नेलं आणि हात परत घेतला.

"और खाना?" त्या म्हणाल्या. "इत्ते बरस जो जिमाया?"

"खाया," माय म्हणाली. "अन्न फेकते नहीं. अच्छा रहता था. इलायची जरा जास्ती रहती थी."

"तो मेरी सास को क्या पहुँचा?" भाभीजींचा आवाज चढला. त्यांना राग आला होता की भीती वाटत होती, मला समजेना. "बताओ बहनजी, इत्ते बरस उनको क्या पहुँचा?"

"वो मेरे को नहीं मालूम. मैंने तो भूख से खाया था."

भाभीजी उठल्या. डबा तिथंच राहिला. उतरताना त्या "हे राम" म्हणाल्या नाहीत. रिकाम्या जिन्यावर फक्त चपलांचा आवाज येत राहिला. मायने मला तुकडे पुन्हा बांधायला सांगितले आणि म्हणाली, "आता झोपते. लय वर्सांपासून झोपाचं होतं."

संध्याकाळी मिलिंदला कळलं. तो ओरडला नाही. "ताई, तू सांगितलं का तिले असं कराले?"

"नाही."

"तू आली म्हणून तिनं केलं. तू नसती त केलं नसतं." हे खरं होतं. मायने साक्षीदार येण्याची वाट पाहिली होती, आणि तो साक्षीदार निघून जाणारा होता. मग मिलिंद म्हणाला, "बाबा असते त काय म्हणाले असते?" मी म्हटलं, "घर जाईन." तो एकदम हसला, आणि मग दोघांनाही एकमेकांकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खालच्या दाराची कडी वाजली की आम्ही तिघंही बोलायचं थांबायचो. वहिनीने वर्तमानपत्रातल्या भाड्याच्या जाहिराती पाहायला सुरुवात केली. मी पुन्हा रस्त्यांवर भटकू लागले. प्रत्येक फाटकावर नावाची पाटी होती, आणि मी त्या वाचत जायची: शर्मा, माथुर, जैन. आपलं नाव पाटीवर लिहिणं इतकं सोपं असतं, हे मी लीड्समध्येच शिकले होते, आणि इथं ते मिलिंदच्या जिवावर शिकवायला आले होते.

माय गेली ती सकाळी, वहिनी तिचे केस विंचरत असताना. कण्हणं नाही, काही नाही. मान कलली, बस. मिलिंद बराच वेळ तिच्या पायांशी बसून राहिला. मग उठला, कपाट उघडलं आणि स्क्रू-ड्रायव्हरने दारावरची तसबीर काढू लागला. जुने स्क्रू गंजले होते. मी मदतीला गेले तर म्हणाला, "राहू दे." तसबीर निघाल्यावर त्याने ती बाहेरच्या खोलीत, जिन्यातून वर येणाऱ्याला पहिली दिसेल अशी, स्टुलावर ठेवली. मग वानखडेकाकांना फोन केला.

काका आले, त्यांच्याबरोबर रेल्वे कॉलनीतली आपली माणसं आली. मी ती पांढरी साडी नेसले. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. भाभीजी शेवटच्या पायरीवर येऊन थांबल्या. उंबरा ओलांडला नाही. स्टुलावरची तसबीर पाहिली, मग मायला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. मिलिंद त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्हारे में क्या होता है, बता दो," त्या म्हणाल्या. "नीचे मैं क्या रखवाऊँ?"

इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला हे विचारलं नव्हतं. मिलिंदने सांगितलं: फुलं, मेणबत्त्या, आणि परत आल्यावर हातपाय धुवायला पाणी. त्या "अच्छा" म्हणून उतरल्या. पंडितजींचं नाव कोणी काढलं नाही.

वानखडेकाकांनी मोठ्यांदा वंदना म्हटली. गार्डाच्या नोकरीत कमावलेला आवाज, गच्चीवरून गल्लीत गेला. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. आम्ही मायला पुढच्या फाटकातून नेलं. परतलो तेव्हा फाटकाशी पाण्याच्या दोन बादल्या आणि नवा मग ठेवलेला होता. तो बाजारातून त्याच दिवशी आणलेला होता. त्यात माया किती आणि विटाळ किती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मिलिंदने त्याच मगाने पाय धुतले आणि वर गेला.

ठरल्या दिवशी मी निघाले. या वेळी कोणी दही दिलं नाही. मिलिंद बसपर्यंत आला, बॅग वर चढवली, म्हणाला, "जा. उशीर होईन." माझ्या मनात त्याला खूप काही सांगायचं होतं, पण जे काही सुचत होतं ते निघून जाणाऱ्याचं होतं.

आता मी दर रविवारी फोन करते. पूर्वी मायशी बोलायची, आता त्याच्याशी. गेल्या वेळी विचारलं, भाभीजी कशा आहेत?

"पहिले जिन्यात भेटल्या त मले 'राम-राम पंडितजी' म्हणत होत्या, मजाक में," तो म्हणाला. "आता नुसतं नमस्ते म्हणतात."

"घर खाली करायला सांगितलं का?"

"नाही. भाडंही नाही वाढवलं."

"मग हे चांगलं की वाईट?"

"मालूम नाही, ताई," तो म्हणाला. "राहून पाहू."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीपाशी उभी होते. मी राहते तिथं असं राहून पाहण्यासारखं काही नाही. मी कोण, हे इथं कोणाला जाणून घ्यायचंच नसतं, आणि मी त्यालाच मोकळेपण समजत आले. रजा घेताना अजूनही 'घरी जायचंय' असं लिहिते, पण लिहिताना हात थांबतो. घर आता मिलिंदचं आहे. तो रोज सकाळी त्या जिन्यावरून उतरतो. आणि रविवारी मी, सगळ्यात आधी, तेवढंच विचारते: या आठवड्यात भाभीजी काय म्हणाल्या?