स्वच्छता : सगुणाबाई

मला पुलपीटावरून दंडाला धरून खाली उतरवलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

हंगामाच्या सणाचा रविवार. लातूरच्या आमच्या चर्चमध्ये पुढं ज्वारीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या मांडलेल्या. बायबलमधला शास्त्रपाठ वाचणारी मुलगी तापानं पडलेली. संडेस्कूलच्या टीचर मला म्हणाल्या, तू वाच, तुझं वाचन स्वच्छ आहे. मी पुलपीटावर, प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावर, चढले. पहिली ओळ वाचली. दुसरी निम्मी झाली असेल. तेवढ्यात पहिल्या बाकावरून मोठ्या बाई उठल्या. मोठ्या बाई म्हणजे हेडमास्तरांची बायको. आणि हेडमास्तर म्हणजे आमच्या मंडळीच्या पंचांतले मुख्य. त्यांच्याशिवाय चर्चमधलं पान हलत नव्हतं.

त्या वर आल्या. माझा दंड धरला. पाळकसाहेबांना, आमच्या पाद्र्यांना, म्हणाल्या, "हिच्या अंगाला फिनेलचा वास येतोय. पवित्र शास्त्राला हात कसा लावू दिला हिला?"

माईक चालू होता. सगळ्या चर्चनं ऐकलं.

पाळकसाहेबांनी घड्याळात बघितलं. मी खाली आले. आई सगळ्यात मागं, चपलांजवळ, सतरंजीवर बसलेली. तिनं मान वर केली नाही.

वास येत होता, हे खरं. त्याच दिवशी सकाळी आईनं अन् मी चर्चचं संडास-बाथरूम धुतलं होतं. ह्याच लोकांसाठी.

आम्ही चाकूरकडचे. मांगवाड्यातले. आज्यानं बाप्तिस्मा घेतला, हलगी टांगून ठेवली ती परत काढली नाही. हेडमास्तरांचा आजाही त्याच मांगवाड्यातला. हे मोठ्या बाईंना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं, अन् हे कोणी बोलायचं नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या आज्याला मिशनच्या बोर्डिंगात जागा मिळाली. आमच्या आज्याला नाही मिळाली. तेवढाच फरक. दोन पिढ्यांत तेवढ्याचा डोंगर झाला. बाप मी लहान असतानाच गेला, मग आई मला घेऊन लातूरला आली. चार घरची भांडी घासायची, अन् शनिवार-रविवार चर्च.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब यादी वाचायचे. मंडळीतल्या प्रत्येकाची जबाबदारी. शास्त्रवाचन, हेडमास्तर, पूर्ण नावानं. गायनमंडळ, त्यांची सून. आजाऱ्यांच्या भेटी, मोठ्या बाई. पाहुण्यांचं स्वागत, कोणी वकीलसाहेब. सगळ्यात शेवटी, "स्वच्छता, सगुणाबाई." आडनाव नाही. मग पाळकसाहेब सांगायचे, मंडळी म्हणजे एक शरीर, त्यात कोणता अवयव मोठा नाही, कोणता लहान नाही.

आईला त्याचा लई आनंद. घरी येताना गल्लीत सांगायची, "माझं नाव घेतलं बरं का पुलपीटावरून." त्या हंगामाच्या सणानंतरच्या जानेवारीतसुद्धा सांगितलं. मी तिच्या शेजारून चालत होते.

मग भूकंप झाला. पहाटे आमचीही पत्र्याची खोली हलली, भांडी पडली, पण आम्ही वाचलो. औशाकडची गावंच्या गावं मातीत गेली. चर्चची जीप निघाली, तेव्हा आईला अन् मला खिचडी शिजवायला घेतलं. पाऊस पडत होता. एका गावात शाळेच्या पटांगणात बायकांची प्रेतं ठेवलेली, मातीनं तोंडं भरलेली. गावातल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले, म्हणाला, आमच्या बाया धडधाकट कोणी राहिल्या न्हाईत, जाळायच्या आधी यांची तोंडं तरी पुसा. पाळकसाहेबांनी आमच्या लोकांकडं बघितलं. कोणी हललं नाही. मोठ्या बाई जीपमध्ये नाकाला रुमाल लावून बसलेल्या. आईनं पदर खोचला. मला म्हणाली, "चल गं. पाणी आण."

तीन दिवस आम्ही तेच केलं. 

तिथं एक लिंगायत बाई होती, गळ्यात लिंग, एक हात मोडलेला. तिच्या सुनेचं तोंड आम्ही पुसलं. ती मला म्हणाली, "कायतरी म्हण गं पोरी तुमच्या देवाचं. माझ्या तोंडातून शब्दच निघंना." मला किती शास्त्रवचनं पाठ होती. एकही आठवलं नाही. मी तिचा चांगला हात धरून बसले. ती माझ्या तांब्यातलं पाणी प्याली. कोणाची, कुठली, विचारलं नाही.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, जिम्मा कशाला म्हणतात. तो कोणाच्या कागदावर नव्हता.

महिन्याभरानं चर्चमध्ये उपकारस्तुतीची सभा झाली. बाहेरून पाहुणे आले. जीपमधून गेलेल्यांना शाली घातल्या. मोठ्या बाई भूकंपाबद्दल बोलल्या अन् रडल्या. आई पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. तिचं नाव निघालं नाही. मी वाट बघत होते. शेवटच्या गाण्यापर्यंत वाट बघितली.

पुढं मी नांदेडला नर्सिंग केलं. परत लातूरला आले, दवाखान्यात लागले. तोवर लातूर बदललं होतं. गल्लोगल्ली क्लास. मुदखेड, हदगाव, कुठून कुठून पोरं-पोरी येऊन राहिली होती, डॉक्टर व्हायला. आमच्या चर्चचा हॉलही एका क्लासला दिला. आठवडाभर दोनशे लेकरं, अन् संडास तेच. साफ करायला आई. साठीची. गुडघे गेलेले. मी म्हणायची, "आई, बस झालं." ती म्हणायची, "सेवा हाय बाई ती. बस कशी होईल?"

एका जानेवारीत नवे पाळक आले होते. तरुण, शिकलेले. प्रवचन सुंदर केलं. म्हणाले, मंडळी पाळकाची नसते, पंचांची नसते, एकेका विश्वासणाऱ्यानं तिचा भार उचलायचा असतो. माझ्या मनात आलं, आता काही होईल. मग त्यांनी यादी काढली. शेवटी वाचलं, "स्वच्छता, सगुणाबाई आणि त्यांची मुलगी."

मी उभी राहिले.

"पाळकसाहेब, मला नाव आहे."

ते गोंधळले. मी म्हणाले, "आणि ही सेवा असेल तर पाळी लावा. पहिला आठवडा आम्ही करू. दुसरा हेडमास्तरांच्या घरच्यांनी करावा. तिसरा वकीलसाहेबांच्या. एकेकानं भार उचलायचा ना?"

हेडमास्तर बसल्या जागेवरूनच म्हणाले, "सेवेत मान-अपमान बघायचा नसतो, बाई."

"मग तुम्हीही बघू नका, सर. उद्या सकाळी या. फिनेल मी देते."

मागं कोणीतरी हसलं. लगेच गप्प झालं. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला अन् पेटी सुरू झाली. माझ्या बाजूनं एकही माणूस उठला नाही. आमच्या गल्लीतली सात घरं होती चर्चमध्ये. सातही घरांनी गाण्याच्या पुस्तकात तोंडं घातली.

आठ दिवसांत पंचांचं पत्र आलं. मंडळीत फूट पाडली. माफी मागेपर्यंत प्रभुभोजन बंद, म्हणजे येशूच्या नावाची भाकर अन् द्राक्षारस मला नाही. मी माफी मागितली नाही.

पण शनिवारी आईनं बादली उचलली. मी दारात आडवी उभी राहिले.

"सरक," ती म्हणाली. "देवाचं घर घाण ठेवू का?"

"देवाच्या घरात दुसरं कोणी राहत न्हाई का, आई?"

"तुझ्यापायी माझं बी नाव जाईल यादीतून."

मी सरकले. काय करणार होते? ती गेली.

पावसाळ्यात त्याच बाथरूममध्ये पाय घसरून ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने खाटेवर. दर रविवारी, उपासना सुटायच्या वेळेला, ती मला केस विंचरायला लावायची. चांगलं लुगडं अंगावर घालायला लावायची. मग दाराकडं बघत बसायची. चारच्या सुमाराला विचारायची, "कोण आलं होतं का गं? माझा डोळा लागला होता का?"

तिचा डोळा लागलेला नसायचा. कोणी आलेलं नसायचं. मोठ्या बाईंचं घर आमच्यापासून पाच मिनिटांवर.

गल्लीतली माणसंही आली नाहीत. पंच बघतील म्हणून. आमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचं घर, ती शेजारीण मागच्या दारानं भाकरी द्यायची अन् पळायची.

आई गेली तेव्हा पाळकसाहेब कबरस्तानात आले. दहा मिनिटांत उरकलं. पुढच्या जानेवारीत यादीत तिच्या जागी त्याच शेजारणीचं नाव वाचलं गेलं. ती माझ्याकडं न बघता हसली. मला तिचा राग आला नाही. राग यायला तिच्या हातात काही असायला पाहिजे होतं.

लोक मला म्हणतात, दुसऱ्या चर्चला जा. दवाखान्यातली एक सिस्टर म्हणते, धर्मच सोड, काय मिळालं तुला त्यात? काही मिळालं नाही. पुढं मिळेल असंही वाटत नाही. हेडमास्तर म्हातारे झाले, त्यांच्या जागी त्यांचा मुलगा आला. तो बापापेक्षा गोड बोलतो, एवढंच.

पण माझ्या आज्याचा बाप्तिस्मा हेडमास्तरांच्या घरून आलेला नाही. मी का जाऊ?

आता मी आजाऱ्यांकडं जाते. ड्युटी संपली की. ख्रिस्ती असो, नसो. क्लासच्या पोरी वसतिगृहात तापानं पडतात, आई-बाप लांब असतात, त्यांच्याकडंही जाते. मला कोणी नेमलेलं नाही. नेमायची गरजही नाही.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, मी पुढं जाऊन वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकते. सगळ्यांच्या ओळीत, मधोमध. दोन्ही तळहात पुढं करते. पाळकसाहेब डावीकडून भाकर देत येतात. माझ्यापाशी थांबत नाहीत. पुढच्या हातावर ठेवतात. ओळ उठते, दुसरी ओळ येते, तिसरी येते. मी तिथंच. एकदा हेडमास्तरांचा मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "ताई, लोक बघतायत. उठा ना."

मी म्हणाले, "बघू द्या. त्यासाठीच बसले."

आठ वर्षं झाली. भाकर मिळालेली नाही. मिळणार नाही, हे मला माहीत आहे. मी हात मागं घेणार नाही.