लवकरात लवकर

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ माझा मराठी टायपिंगचा क्लास होता. आमच्या गटनेत्याची कारकीर्द माझ्या मशीनवर सुरू झाली असं मी सांगते तेव्हा घरचे हसतात. हसू देत. त्यात काडीचंही खोटं नाही.

तो तेव्हा बदलापूर गावातला साधा कार्यकर्ता होता. भावांनी जमीन विकून गाड्या घेतल्या, याला अर्ज करायचा नाद लागला. नळासाठी अर्ज, गटारासाठी अर्ज, कोपऱ्यावरच्या दिव्यासाठी अर्ज. शेवटचं वाक्य ठरलेलं. "बाय, लिव, लवकरात लवकर काम व्हावं."

मी ते दर वेळी खोडायची. "लवकरात लवकर ही तारीख नव्हे. तारीख माग. नाहीतर जन्मभर माझ्या या बाकावर बसशील."

तो काही बाकावर बसून राहिला नाही. नगरसेवक झाला, मग आमदार झाला, दुसऱ्यांदा निवडून आल्यावर त्याच्या छोट्याशा पक्षाने त्याला विधानसभेत गटनेता केलं. माझा क्लास बंद पडला, मी बदलापुरात हेंद्रेपाड्यात राहायला आले. तरी महत्त्वाचा कागद असला की तो अजून मला दाखवून पुढे पाठवायचा.

यंदाचा कागद माझ्या घरचाच होता म्हणा ना. आमच्या भागात बाळंतपणाचा नवा दवाखाना बांधून, रंगवून तयार होता आणि दाराला कुलूप, कारण नर्स-डॉक्टरांची पदंच मंजूर नव्हती. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा लागलेला. उल्हासनगरला नेता नेता रिक्षातच बाळंत झालेल्या दोघी माझ्या ओळखीच्या होत्या. ते कुलूप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

त्याने लक्षवेधी सूचना दिली. म्हणजे सभागृहात उभं राहून त्याने मंत्र्यांना जाब विचारायचा. सूचना कामकाजात लागली, मला गॅलरीचा पास आला, मी चांगली साडी इस्त्री करून ठेवली. आदल्या दुपारी त्याचा फोन.

"बाय, तालिकेवर माजं नाव आयलं. उद्या अध्यक्ष नसतील तवा त्यांच्या खुर्चीत मी बसनार."

आमच्या गावचं माणूस त्या खुर्चीत. मग एकदम आठवलं. "आणि आपली लक्षवेधी?"

"खुर्चीतल्या मानसाला सवाल करता येत नाय गो."

माझं डोकंच फिरलं. "खुर्ची मिळाली आणि तोंड गेलं. बस जाऊन." मी फोन कट केला. लेक समोर पाय सोडून शेंगा सोलत होती.

तरी दुसऱ्या दिवशी मी गेलेच. फोन खाली जमा केला. गॅलरीत टाळी वाजवायची नाही, हातवारे करायचे नाहीत, असं तिथल्या शिपायाने दोनदा बजावलं. तो आला आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. ज्याचे ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारले त्याच्यापुढे मंत्री मान लववत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

सूचनेवर दुसरी सही विरोधी बाकावरच्या एका आमदारबाईंची होती. त्या उठल्या आणि सरळ विचारलं, दवाखाना कधी उघडणार? मंत्री म्हणाले, प्रस्ताव अंतिम टप्प्यात आहे, लवकरात लवकर सुरू करू. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा लवकरात लवकर. गलका झाला.

त्याने घंटा वाजवली. सगळे गप्प झाल्यावर, एकेक शब्द माझ्या क्लासमधल्यासारखा सावकाश उच्चारत तो म्हणाला, "मंत्री महोदय, लवकरात लवकर ही तारीख नव्हे. सभागृहाला तारीख सांगावी."

माझे दोन्ही हात वर गेले होते. शिपायाने डोळे वटारले तेव्हा कळलं. मी ते पदराखाली घातले आणि तिथेच एकमेकांत घट्ट धरून बसले. मंत्र्यांनी मागच्या अधिकाऱ्यांकडून आलेली चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, पुढल्या महिन्याची एक तारीख.

फोन हातात येताच मी लेकीला सांगितलं. ती आधी हसली आणि मग रडायला लागली. डॉक्टरांनी तिला त्याच महिन्याची वीस तारीख दिलेली होती.

एक तारखेला कुलूप निघालं. लेकीने काही वीस तारखेची वाट पाहिली नाही, अकरालाच तिला त्या दवाखान्यात नेलं, घरापासून चालत सात मिनिटं. मुलगी झाली. संध्याकाळी तो बघायला आला, सोबतची माणसं बाहेर थांबवली, बाळाला हातात घेतलं.

"बारसा कवा, बाय?"

"करू की लवकरात लवकर," मी म्हणाले.

त्याने बाळावरून मान वर केली. "तारीख सांग."