माणिकबाईचे मंजन

माणिकबाई हसली की गिऱ्हाईक भाव करायचे विसरे. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या बाजारात तिचे दुकान म्हणजे एक गोणपाट आणि त्यावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, मेथी, पालक, वांगी. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते, शाबूत आणि पांढरेशुभ्र. ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नसे. ऊस दातांनी सोलून दाखवी. बोराची आठळी कडकन फोडून आतला गर काढी आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवी.

ज्याचे दात धड नाहीत त्याला तिने कधी सुखाने भाजी विकली नाही. शेजारी लिंबे आणि मिरच्या घेऊन बसणारी वच्छला पन्नाशीच्या आत बोळकी झाली होती. माणिकबाई तिला रोज एकदा तरी विचारी, "काय वं वच्छला, आज काय चावलं? वरन का पानी?" वच्छला पदर ओठांवर घेई आणि मिरच्यांचे देठ मोडत बसे.

तोंडात खर्रा कोंबून कोणी आला तर त्याला ती भाजी देतच नसे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो ऐवज. इकडच्या पानठेल्यांवर दिवसभर तेच घोटणे चाललेले असते. "आंधी थुकून ये," ती भर बाजारात ओरडे, "तोंड हाय का नाली?" लोक हसत आणि तिला जरा भिऊनही असत.

तिचे माहेर तेल्हाऱ्याचे. नऊ वर्षांची असताना एकदा दाढ ठणकून तिचा गाल सुजला. आईने कमरेच्या पिशवीतून एक चपटी डबी काढली, बोटावर काळसर ओले मंजन घेतले आणि पोरीच्या दाढेवर दाबून धरले. गुळासारखा वास आला. मग डोके गरगरले, पोटातले सगळे बाहेर पडले आणि ती बांधावर आडवी झाली. "पयल्या डाव फिरतेच," आई म्हणाली. उठली तेव्हा ठणका गेला होता. त्या दिवसापासून ती डबी तिची झाली.

लग्न होऊन शेषरावांच्या घरी बडनेऱ्यात आली तेव्हा ती दिवसातून दोनदा मंजन लावी. शेषराव गेले त्या वर्षी चारदा, आणि पुढे सहा वेळा. सकाळी ते लावल्याशिवाय पोट साफ होत नसे, दुपारी लावले नाही तर कपाळ फुटायला येई. थुंकून झाले की ती खडेमीठ बोटाने चुरून दात पुन्हा घासी आणि चिंधीने एकेक दात पुसून घेई, म्हणून काळा डाग असा कधी राहिला नाही. माहेरी, सासरी, बाजारात, साऱ्या बायाच लावत. त्याला सगळ्या मंजनच म्हणत. डबीवर त्याचे खरे नाव छापलेले असे, पण माणिकबाईला वाचता येत नव्हते.

डबीवर एक चित्रही असे. सडलेला जबडा, गालाला भोक, बघवत नाही असे. त्याचा अर्थ तिला कोणी सांगावा लागला नाही. दात घासले नाहीत तर काय होते, ते कंपनीने दाखवले आहे, हे उघडच होते.

तिचा एकुलता मुलगा मनोज. २०१९च्या पोळ्याच्या दिवशी त्याच्या शर्टाच्या खिशातून खर्ऱ्याची पन्नी खाली पडली. बायको सीमा आणि चार वर्षांची प्राजक्ता यांच्या देखत माणिकबाईने त्याच्या थोबाडीत मारली.

"निघ माह्या घरातून. तंबाखू खानाराचं तोंड पायाचं नाई मले."

मनोज गाल चोळत म्हणाला, "अन तुह्या डबीत काय हाय मंग? थेबी तंबाखूच हाय, आई. लिवलं हाय त्याच्यावर."

दुसरी चपराक पहिलीपेक्षा मोठी होती. "दात घासाची वस्तू अन थुकाची वस्तू एक हाय काय बे? माह्या मायचं मंजन हाय थे!"

मनोज बायकोपोरीला घेऊन अकोल्याला गेला आणि डाळ मिलमध्ये कामाला लागला. मायलेकांचे बोलणे बंद झाले ते चार वर्षे. माणिकबाईने बाजारात सांगितले, "खर्रा सोडंन त्या दिवशी येईन थो घरी. नाईतर मेल्यावर या म्हना." आणि हसली. तिचे हसणे तेव्हाही सुरेख होते.

जानेवारी २०२३मध्ये बाजारालगतच्या सभागृहात एका संस्थेने दंत तपासणीचे शिबिर भरवले. माणिकबाई तपासून घ्यायला गेली नव्हती, दाखवायला गेली होती. पांढरा कोट घातलेली एक मुलगी फॉर्म भरत होती. तिने विचारले, "तंबाखू, खर्रा, गुटखा, बिडी, यातलं काही?"

"मी?" माणिकबाई सभागृहभर ऐकू जाईल अशी बोलली. "अवं पोरी, तंबाखूपायी मी पोटचा पोट्टा घरातून काढला. लिव, नाई म्हनून लिव."

मुलीने 'नाही' लिहिले.

"दात दिवसातून किती वेळा घासता?"

"सा वेळा."

मुलगी पेन थांबवून हसली. "सहा? आजी, आम्ही दोनदा घासा म्हणून सांगून दमतो." कशाने घासता, हे फॉर्मवर नव्हते. तिने विचारले नाही.

बॅटरी लावून बघताना डाव्या गालाच्या आत तिला एक पांढरा चट्टा दिसला. खरखरीत, रुपयाएवढा. माणिकबाई नेमके तिथेच मंजन दाबून ठेवी. मुलीने मोठ्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी फॉर्मवर नजर टाकली, 'नाही' वाचले आणि म्हणाले की दाढेची कड घासत असेल. कड गुळगुळीत करून दिली. "पंधरा दिवसांत गेला नाही तर दाखवायला या. तोंडातली न भरणारी कुठलीही जखम अंगावर काढायची नाही, मावशी."

माणिकबाईने मान डोलावली. ती पुन्हा गेली नाही, कारण त्याच संध्याकाळी साठीच्या आतबाहेरच्या बायांमध्ये सर्वांत निरोगी दातांचे बक्षीस तिला मिळाले. तिचा हसरा फोटो काढून त्याचा फ्लेक्स छापला, वर मोठ्या अक्षरांत 'निरोगी दात, सुंदर हास्य'. शिबिर उठल्यावर तो तिने मागून घेतला आणि दुकानामागच्या भिंतीला ठोकला. "वाच वं वच्छला," ती म्हणे. "तुले तं वाचता येते."

चट्टा उन्हाळ्यात चुरचुरू लागला. मिरचीचा ठेचा लागला की डोळ्यांतून पाणी येई. माणिकबाईजवळ त्यावर उपाय होता. ती तिथे मंजन जास्त वेळ दाबून धरी. बधिर होऊन बरे वाटे.

त्याच मे महिन्यात सीमा प्राजक्ताला घेऊन माहेरी आली. तिचे माहेर बडनेऱ्यातच होते आणि पोर दिवसभर आजीच्या गोणपाटावर बसे. आठ वर्षांची होती, दाढेला कीड लागली होती, रडत होती. माणिकबाईने डबी उघडली. प्राजक्ताचे डोके फिरले, ती ओकली, आणि आजी म्हणाली, "पयल्या डाव फिरतेच." ठणका गेला. जाताना आजीने तिला एक नवी डबी दिली, आणि डबीवरचे चित्र दाखवून बजावले, "जे पोट्टे घासत नाई ना, त्यायचं असं होते."

सीमाने डबी पाहिली आणि पिशवीत टाकली; तिच्या माहेरीही बाया तेच लावत. पोर रडायची थांबली होती.

दिवाळीपर्यंत माणिकबाईचे तोंड दोन बोटांवर उघडेनासे झाले. ऊस गेला, बोरे गेली, मग भाकर गेली. ती दुधात भाकर कुस्करून गिळू लागली. बाजारातल्या बायांना दिसतच होते. एक दिवस वच्छला पदर न घेता, हिरड्या दाखवत म्हणाली, "काय वं माणिक, आज काय चावलं? वरन का पानी?" सगळ्या बाया हसल्या. माणिकबाईने तिच्या मिरच्यांची टोपली लाथेने उडवली. पण शिवी द्यायला तोंड पुरेसे उघडले नाही, त्यामुळे बाया आणखी हसल्या.

डिसेंबरात गालातून पू बाहेर आला. कोणीतरी अकोल्याला फोन केला आणि मनोज येऊन तिला घेऊन गेला.  गाडीने मूर्तिजापूर सोडल्यावर त्याने खिशातून पन्नी काढली, तिच्याकडे बघत खर्रा तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर थुंकला. 

अकोल्याचा डॉक्टर वऱ्हाडातलाच होता. त्याने गाल पाहिला आणि विचारले, "तंबाखू?"

"नाई," माणिकबाई अडखळत म्हणाली. "कदीच नाई."

डॉक्टरने तिचे पांढरे दात पाहिले. मग म्हणाला, "मावशे, दात कायनं घासता?"

"मंजनानं."

"पाहू."

तिने कमरेची डबी काढून दिली. डॉक्टरने नाव मोठ्याने वाचले: गुडाखू. "तंबाखू अन गूळ. पन्नास वर्षं गालात धरला तुमी. हे चित्र पाह्यलं नाई कदी?"

"थे तं... न घासनारायचं हाय."

डॉक्टर हसला नाही. मनोज मात्र हसला. भिंतीला टेकून, लालभडक दात दाखवत, पोट धरून हसला. "सांग ना आता. मले कावून मारलं होतं मंग? सांग ना, आई!"

डॉक्टरने त्याला गप्प केले आणि त्याचेही तोंड तपासले. दात खराब होते, पण जखम नव्हती. "सोडून दे बे, वेळ हाय तुह्याजवळ."

माणिकबाईला मुलाला काही झाले नाही याचा आनंद व्हायला हवा होता. तिला रागच आला. याच्या तोंडात काही नाही, आणि माझ्या? राग ओसरला तेव्हा डबी डॉक्टरच्या टेबलावर पडलेली तिला दिसली. चित्र वर होते. आणि तिला प्राजक्ता आठवली. पोरीजवळ अशीच डबी होती, तिनेच दिलेली.

सांगायला हवे होते, तिथल्या तिथे. पण मनोज अजून हसत होता. पोरीला मी दिले म्हटले तर हा जन्मभर हसेल. ऑपरेशन झाल्यावर सांगू, असे तिने ठरवले.

नागपूरला ऑपरेशन ठरले, आठ दिवसांनी. ते आठ दिवस ती मनोजच्या घरी होती. प्राजक्ता शाळेत जाई, येई. माणिकबाई रोज सकाळी मनाशी वाक्य जुळवी. मनोज रोज कामावर निघताना दारात थांबून म्हणे, "काय म्हनते तुह्या मायचं मंजन?" आणि वाक्य तिच्या घशात राही. डॉक्टर म्हणाले होते, थोडा भाग काढावा लागेल. थोडा म्हणजे किती, हे तिने विचारले नाही. दात जातील एवढेच तिला वाटले होते.

शुद्धीवर आली तेव्हा डावा जबडा नव्हता आणि अर्धी जीभ नव्हती. नाकात नळी होती. तोंड उघडले की फक्त घरघर निघे. लिहिता तिला कधीच येत नव्हते.

फेब्रुवारीच्या एका सकाळी मनोज कामावर गेल्यावर ती भिंत धरत अंगणात आली. नळाशी प्राजक्ता बसली होती. बोट गालात, ओठ काळे, शेजारी उघडी डबी. पोरीने काळी पिंक टाकली आणि वर पाहिले.

माणिकबाई घशातून ओरडली. पोर दचकली. तिने आजीच्या गालाकडे पाहिले, मग डबीकडे, मग पुन्हा गालाकडे. चित्र आणि आजी एकच होते.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तू दवाखान्यात घासलं नाई ना, म्हनून असं झालं?"

माणिकबाईने मान हलवली, जोरात, दोन्हीकडे. पोरीला ते 'नाही घासले' असे वाटले. ती उठली, डबीतून बोटभर मंजन घेतले आणि आजीच्या उरलेल्या दातांकडे हात नेला. "थांब, मी घासून देतो. बरं वाटते."

माणिकबाईने तिच्या थोबाडीत मारली. एवढीच भाषा तिच्याजवळ उरली होती. पोर नळाच्या ओट्यावर आपटली आणि किंचाळली. डबी घरंगळत गेली. माणिकबाई तिच्यामागे वाकली, पण नळी ओढली गेली आणि ती खाली बसली.

सीमा धावत आली. "आता लेकरालेबी मारून रायल्या काय? येड लागलं का तुमाले?" पोरीला उचलून तिने कडेवर घेतले, तिचा गाल पाहिला. सासू डबीकडे बोट दाखवत घरघरत होती, बोट दाखवत होती, पुन्हा पुन्हा. सीमाला कळले. तिने डबी उचलली, पदराने पुसली, झाकण घट्ट लावले.

"पाह्य, अजून हाव सुटली नाई," ती प्राजक्ताला म्हणाली आणि डबी वरच्या फळीवर, भिंतीकडे सरकवून ठेवली. "तुले पायजेन तवा मले मांगत जा. आजीच्या हाती लागू देजो नको. डॉक्टरनं तिले मना केलं हाय."