पाहुणे आले, मॅचला न्या!

भारतातून आलेल्या पाहुण्यांचं सिंगापूर चार दिवसांत बघून होतं. पंचाईत होते ती पाचव्या दिवशी. "आज काय दाखवणार?" असं विचारून मंडळी सकाळी सातलाच आंघोळ करून, बूट घालून सोफ्यावर तयार!

आम्हा पासिर रिसमधल्या मराठी लोकांचा हा प्रश्न सुहासनं कायमचा सोडवला. सुहास माझ्या ऑफिसातला, राहतो आमच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये. मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉलवेडा हे वेगळं सांगायला नकोच. आमच्याकडून बसनं पंधरा मिनिटांवर एक छोटं स्टेडियम आहे. तिथे इथल्या प्रोफेशनल लीगच्या मॅचेस होतात. गर्दी बेताची, तिकीट कधीही मिळतं, पाय पसरून बसता येतं. सुहासनं फर्मान काढलं, "कुणाचेही पाहुणे येऊ देत, शनिवारी मॅचला न्यायचे!"

तेव्हापासून किस्से इतके साठलेत, की लिफ्टची वाट बघता बघता एखादा निघतोच. त्यातले हे काही.

*

पहिला मान माझ्या आईचा. पुण्याहून आलेली, मॅच म्हणजे क्रिकेट एवढंच तिला ठाऊक. त्यामुळे दिवसभराच्या हिशेबानं तिनं डबा भरून घेतला. दीड-दोन तासांत संपतं, हे मी तीनदा सांगितलं. "असू दे गं, अडीअडचणीला."

गेटवर सिक्युरिटीच्या अंकलनी पिशवी उघडायला लावली. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी! डब्यात मेथीचे लाडू.

"व्हॉट इज धिस, आंटी?"

"मेडिसिन! फॉर नी!" आईनं गुडघ्यावर हात मारून सांगितलं.

अंकल काही भोळे नव्हते. एवढं मोठं, गोल, तुपकट औषध त्यांनी कधी पाहिलं नसणार. ते डब्याचं झाकण लावायलाच तयार होईनात. मग आईनं आपलं नेहमीचं शस्त्र काढलं. एक लाडू उचलून सरळ त्यांच्या हातावर ठेवला. "ईट! ईट!"

अंकलनी भीत भीत तुकडा मोडून तोंडात टाकला. आईच्या लाडवात गूळ नावाला आणि मेथी मोकळ्या हातानं. त्यांचे डोळे मिटले, तोंड वाकडं झालं, घशातून कसाबसा घास खाली उतरला.

"ओके, ओके," ते डबा परत देत म्हणाले, "मेडिसिन. कॅन!"

*

माझे नानाकाका डोंबिवलीहून आले, तेव्हा फुटबॉलचा अभ्यास करूनच बसणार होते. "मला फक्त एवढं सांग, आपले कोण आणि मारायचं कुठल्या जाळीत?" सुहासनं डावीकडची जाळी दाखवली. काकांनी मान डोलावली आणि घसा साफ केला.

पहिला हाफ त्यांनी गाजवला. दुसऱ्या हाफमध्ये तर त्यांच्या अंगात आलं. डावीकडच्या जाळीजवळ बॉल गेला रे गेला, की काका उभे! आणि गोल झाला तेव्हा जो नाच केला म्हणता! दोन्ही हात वर, शर्ट पँटच्या बाहेर!

आमच्या सबंध गॅलरीत नाचणारे ते एकटेच होते. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

काका शरमेनं अर्धे झाले. पण समोरच्या संघाचे जेमतेम आठ पाठीराखे पलीकडे बसले होते. त्यांना काय आनंद झाला! मॅच संपल्यावर ते आठही जण आले, काकांशी हस्तांदोलन केलं आणि आपल्या संघाचा मफलर त्यांच्या गळ्यात घातला. तो घालून काका अजून डोंबिवलीत सकाळी फिरायला जातात. मे महिन्यातसुद्धा!

*

प्राजक्ता माझी मावसबहीण, पुण्यातल्या ढोलपथकात वाजवणारी. आमच्या संघाचे चाहते एका कोपऱ्यात ड्रम घेऊन उभे असतात. त्या शनिवारी त्यांचा मुख्य वादक नात्यातल्या लग्नाला गेलेला. प्राजक्ता म्हणाली, "मी वाजवू?"

त्यांचा म्होरक्या फैझल, मोठा गोड माणूस. "कॅन, सिस्टर, कॅन!" म्हणत त्यानं ड्रम तिच्या कमरेला बांधला.

पहिल्या दहा मिनिटांत खेळाडू मान वळवून बघायला लागले. पुढच्या दहा मिनिटांत आसपासच्या ब्लॉकमधले लोक कठड्यांशी आले. आम्हाला अभिमान वाटत होता, उगाच का खोटं बोला! पण बाई थांबेचना. हाफटाइम झाला, वाजतंय. कुणीतरी जखमी होऊन स्ट्रेचर आलं, वाजतंय. मॅच संपली, खेळाडू एकमेकांना मिठ्या मारून आत गेले, दिवे निम्मे झाले, तरी घामानं निथळत ही वाजवतेच आहे! शेवटी फैझल हात जोडून समोर आला.

"सिस्टर, मॅच फिनिश ऑलरेडी!"

प्राजक्तानं धापा टाकत टिपरू खाली घेतलं आणि माझ्यावरच डाफरली. "अगं, मग हात कोण वर करणार? पथकात प्रमुखानं खूण केल्याशिवाय थांबायचं नसतं! मी मघापासून वाट बघतेय!"

*

आता सुहासच्या अप्पांबद्दल. अप्पा म्हणजे कोल्हापूरचे गणिताचे रिटायर्ड मास्तर. ज्या गावात गल्लीगल्लीत फुटबॉल, तिथे ज्या घरात त्याचं नावही काढायची सोय नव्हती, ते यांचं घर. नववीत असताना सुहासचे बूट त्यांना माळ्यावर सापडले, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकले. सुहास इंजिनिअर झाला, सिंगापूरला आला, सगळं मिळवलं. पण ते बूट त्याच्या मनातून गेले नाहीत. एकदा कॉफी पिताना मला म्हणाला होता, "खेळात नापास केलं असतं तरी चाललं असतं गं. पण माणसानं एकदा तरी बघायला यावं की, पोरगं कसं खेळतंय ते!"

सुहासची आई गेली, आणि मुग्धानं, म्हणजे सुहासच्या बायकोनं, हट्टानं अप्पांना महिनाभर इकडे आणलं. बाप-लेकातला दुवा म्हणजे आईच होती. आता दोघं समोरासमोर. "जेवलास?" "हो." एवढंच बोलणं! मला दोघांचीही दया यायची.

मुग्धानंच त्यांना मॅचला पाठवलं. अप्पा आले, पण सुहासपासून दोन खुर्च्या सोडून बसले. शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी टाकलेला पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला, तो धरलाच. सुहासचा चेहरा एवढासा झाला. मी तिळगुळासारखी मधे बसून दोघांशी गोड बोलतेय!

इतक्यात पेपरामागून आवाज आला. "तो चार नंबर सारखा जागा सोडतोय. गोल खाणार."

त्यानंतर तिसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ला! आम्ही चकित. पुन्हा पेपरामागून, "सांगितलं होतं."

सुहासची मुलगी राही, वय वर्षं दहा, इथल्याच शाळेतली, त्यामुळे वाक्याच्या शेवटी इथल्यांसारखं 'लाह' लावणारी. तिला कशाचीच भीडभाड नाही. तिनं वाकून पेपर पाहिला.

"आजोबा, धिस वन चायनीज न्यूजपेपर, लाह!"

अप्पांनी अतिशय शांतपणे पान उलटलं.

*

आणि हा शेवटचा शनिवार. सोमवारी अप्पांचं विमान. सुहासच्या मनात होतं, अजून दोन महिने राहा म्हणावं, त्यासाठी व्हिजिट पासची मुदत वाढवावी. पण विचारायचं कसं? महिन्यात एकदाही विषय निघाला नव्हता. येताना बसमध्ये तो माझ्या कानात म्हणाला, "तू विचार ना!" मी म्हटलं, "बाप तुझा आहे!"

हाफटाइमला तिथे सोडत असते. तिकिटाचा नंबर पुकारला, की त्या प्रेक्षकानं मैदानात उतरायचं आणि राखीव गोलकीपरसमोर पेनल्टी मारायची. त्या दिवशी नंबर लागला सुहासचा!

त्रेचाळीस वर्षांचा माणूस, ऑफिसचे बूट, पोट थोडं पुढे. राही ओरडतेय, "पप्पा, डोंट मलू-मलू, लाह!" म्हणजे लाजू नका. सुहासनं एकदा अप्पांकडे पाहिलं. अप्पांसमोर आजही पेपर. मग तो खाली उतरला.

बॉल ठेवला. चार पावलं मागे आला. एरवी बेधडक प्रेझेंटेशन देणारा सुहास तिथे पँटला तळवे पुसत होता. गोलकीपर वाकून तयार. माइकवाल्यानं "वन, टू..." सुरू केलं.

माझ्या शेजारी खुर्ची खाडकन मिटली. पेपर खाली पडला होता आणि अप्पा कठड्याशी जाऊन उभे होते. चाळीस वर्षं वर्गावर चालवलेला तो आवाज! सबंध स्टेडियमभर घुमला.

"सुहास! मारायच्या आधी कोपऱ्याकडं बघू नकोस! शाळेपासून दर वेळी तसंच करतोस! दर वेळी कळतंय समोरच्याला!"

सुहास गर्रकन वळला. गोलकडे पाठ, हात तसेच लोंबकळत, वर गॅलरीकडे बघत उभाच राहिला. माइकवाल्यानं "थ्री" म्हटलं. पुन्हा म्हटलं. सुहास हलेना. शेवटी माइकवाला बिचारा माइकमध्येच सुहासला म्हणाला,

"अंकल! गोल दॅट साइड, लाह!"